वेगवेगळ्या काळांतल्या बास्केटबॉलपटूंची तुलना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न एनबीए या अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगबद्दलचे आहेत, कारण वादही तिथल्याच नावांवरून रंगतात. शेवटाकडे महिला बास्केटबॉलचाही एक प्रश्न घेतला आहे. तो या चर्चेत नेहमी मागे पडतो आणि पडू नये असं मला वाटतं.

आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण? सरळ नाव सांगा.

एका हंगामापुरता, आपल्या शिखरावर असलेला एकच खेळाडू निवडायचा असेल तर मी मायकल जॉर्डन निवडेन. पूर्ण कारकीर्द तराजूत घालायची असेल तर लेब्रॉन जेम्स. आणि ज्याच्यावर नोंदवहीने सर्वांत मोठा अन्याय केला तो कोण, असं विचारलंत तर क्षणाचाही विलंब न लावता बोस्टनचा बिल रसेल म्हणेन.

तीन उत्तरं दिली ती टाळाटाळ म्हणून नव्हे. 'सर्वांत मोठा' या एका शब्दामागे तीन-चार वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि भांडणारे दोघे बहुधा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. गावसकर की तेंडुलकर हा वाद ज्यांनी घरात ऐकला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. हेल्मेटशिवाय वेस्ट इंडीजचा तोफखाना झेलणं आणि चोवीस वर्षं देशाचं ओझं वाहणं, या दोन गोष्टी एका फूटपट्टीने मोजता येत नाहीत. बास्केटबॉलमध्ये तर दर दहा-पंधरा वर्षांनी फूटपट्टीच बदलली आहे. म्हणून कोणत्याही आकड्याला मी आधी दोन प्रश्न विचारते: त्या वेळी मैदानावर काय चालत होतं, आणि काय मोजलं जात होतं?

विल्ट चेंबरलेनची १९६१-६२ ची सरासरी ५०.४ गुणांची आहे. मग वाद उरतोच कुठे?

आकडा खरा आहे. त्याच हंगामात, २ मार्च १९६२ ला, पेनसिल्वेनियातल्या हर्शी गावी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्याने एका सामन्यात १०० गुण केले. प्रेक्षक होते ४,१२४. एरवी फ्री थ्रोमध्ये, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटमध्ये, अडखळणाऱ्या विल्टने त्या रात्री ३२ पैकी २८ फ्री थ्रो आत टाकले. सामन्याचं चित्रीकरण नाही, फक्त शेवटच्या क्वार्टरचं रेडिओवरचं समालोचन उरलं आहे.

पण हा हंगाम वाचताना त्या वेळच्या खेळाचा वेग लक्षात घ्यावा लागतो. १९५४ मध्ये २४ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट मारणं सक्तीचं झालं. त्याआधी आघाडी घेतलेला संघ चेंडू दाबून बसायचा. १९५० मध्ये एक सामना चक्क १९-१८ असा संपला होता. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला: चांगल्या, रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट मारतात, सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा, भागाकार केला की २४. घड्याळ आलं आणि खेळ सुसाट सुटला. १९६१-६२ मध्ये एकेक संघ सामन्याला १०७ च्या वर शॉट मारत होता आणि त्यातले जेमतेम ४३ टक्के आत जात होते. चेंडूचा ताबा दर सामन्यात संघामागे सव्वाशेच्या घरात होता असा अंदाज आहे. अंदाजच म्हणायचं, कारण चेंडू गमावल्याची नोंद तेव्हा होत नव्हती. आजच्या वेगवान म्हणवल्या जाणाऱ्या खेळात हा आकडा शंभराच्या आसपास आहे, आणि या शतकाच्या सुरुवातीला तर तो नव्वदवर आला होता.

शिवाय विल्ट त्या हंगामात सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटं खेळला. सामना ४८ मिनिटांचाच असतो, वरचा अर्धा जादा वेळेतला. पूर्ण हंगामात तो फक्त आठ मिनिटं बाहेर होता, तेही पंचांनी हाकलल्यामुळे.

आता साधा हिशेब करून पाहा. त्याचे ५०.४ गुण शंभर ताब्यांच्या आणि ४० मिनिटांच्या मापात बसवले तर ३३ च्या आसपास येतात. जॉर्डनने १९८६-८७ मध्ये साधारण ४० मिनिटांतच ३७.१ ची सरासरी गाठली होती. म्हणजे विल्ट पडला? मला तसं वाटत नाही. या हिशेबात त्याची मिनिटं कापली जातात, आणि एकदाही बाकावर न टेकता अख्खा हंगाम खेळून काढणं हाच त्याच्या मोठेपणाचा गाभा होता. आकडा सध्याच्या मापात आणताना नेमकी तीच गोष्ट गळून पडते. हिशेब जरूर करावा, पण त्याने काय गाळलं तेही शेजारी लिहून ठेवावं.

आणि त्याचे रिबाउंड? सामन्यामागे २५.७ म्हणजे अतिच झालं.

हुकलेल्या शॉटचा चेंडू झेलणं म्हणजे रिबाउंड. शॉट जास्त आणि नेम कमी म्हटल्यावर चेंडू रिंगवरून उडणार भरपूर. त्या हंगामात एका संघाला सरासरी ७१ च्या पुढे रिबाउंड मिळत होते. आज ४४ च्या आसपास मिळतात. उपलब्ध रिबाउंडमधला वाटा काढला तर विल्टकडे साधारण १८ टक्के येतात. डेनिस रॉडमनने १९९१-९२ मध्ये सरासरी १८.७ रिबाउंड घेतले, आणि तो मैदानावर असताना उपलब्ध असलेल्या रिबाउंडमधला चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त वाटा त्याचा होता. रिबाउंड या एका कलेत मी रॉडमनला पुढे ठेवते. मात्र रॉडमनवर गुण करण्याचं ओझं जवळपास नव्हतं. विल्ट तेच रिबाउंड घेऊन समोरच्या टोकाला पन्नास गुणही करत होता.

ऑस्कर रॉबर्टसनचं ट्रिपल डबल मोठं की रसेल वेस्टब्रुकचं?

गुण, रिबाउंड आणि असिस्ट (ज्यावर सहकारी गुण करतो तो पास) या तिन्हींत दोन आकडी संख्या गाठणं म्हणजे ट्रिपल डबल. ऑस्करने १९६१-६२ मध्ये ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी सरासरी ठेवली. वेस्टब्रुकने २०१६-१७ मध्ये ३१.६, १०.७ आणि १०.४. मध्ये ५५ वर्षं हे कुणालाही जमलं नाही. रिबाउंडच्या वाट्याचा वरचाच नियम लावला तर वेस्टब्रुक बराच पुढे निघतो, तेही ऑस्करपेक्षा सामन्यामागे जवळपास दहा मिनिटं कमी खेळून. पण ऑस्करच्या काळात 'ट्रिपल डबल' असं काही मिरवण्याची पद्धतच नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे तो पल्ला नव्हता, वेस्टब्रुकच्या होता. मला ऑस्करचा हंगाम जास्त भावतो.

जुन्या खेळाडूंचे ब्लॉक आणि स्टील कुठेच का सापडत नाहीत?

कारण ब्लॉक (अडवलेला शॉट) आणि स्टील (हिसकावलेला चेंडू) एनबीएने १९७३-७४ पासून मोजायला सुरुवात केली. चेंडू गमावणं तर १९७७-७८ पासून. ब्लॉकच्या अधिकृत यादीत हकीम ओलाजुवॉन ३,८३० ब्लॉकसह पहिला आहे, आणि त्या यादीत बिल रसेल किंवा विल्ट चेंबरलेन यांचा एकही ब्लॉक नाही. विल्ट १९७३ मध्ये थांबला, मोजणी पुढच्याच हंगामात सुरू झाली.

मला हे मनापासून लागतं ते रसेलसाठी. बचाव हा त्याचा जीव होता. तो नुसता शॉट अडवत नसे. अडवलेला चेंडू मैदानात, आपल्याच खेळाडूच्या हाती पडेल असा थोपटत असे, म्हणजे तिथूनच बोस्टनची चढाई सुरू व्हायची. समोरचे खेळाडू रिंगजवळ जायलाच बिचकायचे, आणि न मारलेल्या शॉटची नोंद आजही कुणी करत नाही. त्याच्या पूर्ण कारकिर्दीत सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार नव्हता. तो १९८२-८३ मध्ये सुरू झाला. ऑल-डिफेन्सिव्ह संघाची, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या मानाच्या यादीची, निवड १९६८-६९ मध्ये सुरू झाली, रसेलच्या शेवटच्या हंगामात. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही १९६९ पासूनचा, आणि त्या पहिल्या वर्षी तो मिळाला हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला. हरलेल्या संघातल्या खेळाडूला तो पुन्हा कधीच मिळालेला नाही. २००९ मध्ये त्याच पुरस्काराला बिल रसेलचं नाव दिलं गेलं. ज्याच्या नावाने पुरस्कार आहे, त्याच्या खात्यात तो एकदाही नाही.

त्याची सरासरी सुमारे १५ गुणांची आहे म्हणून नवे प्रेक्षक त्याला खाली ढकलतात. पण १९६१-६२ चा तो हंगाम पुन्हा आठवा. विल्टचे ५०.४ गुण, ऑस्करचं ट्रिपल डबल, आणि लष्करी सेवेतून सुट्टी मिळेल तेव्हाच खेळायला येणाऱ्या एल्जिन बेलरची ३८.३ ची सरासरी. त्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू, निवडला तो खुद्द खेळाडूंनी, तेव्हा मतं त्यांचीच असत. त्यांनी निवडला रसेल. पत्रकारांनी निवडलेल्या पहिल्या ऑल-एनबीए संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम पाच जणांत, सेंटरच्या (रिंगजवळच्या उंच खेळाडूच्या) जागी मात्र होता विल्ट. ज्यांना रोज रात्री या दोघांसमोर उभं राहावं लागत होतं त्यांचं मत मला जास्त वजनदार वाटतं.

पण रसेलला अकरा विजेतेपदं मिळाली तेव्हा लीगमध्ये संघच आठ होते ना?

सुरुवातीच्या वर्षांपुरतं बरोबर आहे, त्याच्या शेवटच्या हंगामापर्यंत ते चौदा झाले होते. १९५७ मध्ये बोस्टनला विजेतेपदासाठी दोनच मालिका जिंकाव्या लागल्या. आज ३० संघ आहेत आणि चार फेऱ्यांत मिळून १६ सामने जिंकावे लागतात. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे.

त्याची दुसरी बाजूही आहे. संघ आठ म्हणजे जागा शंभराच्याही आत. आजच्यासारखे दुबळे संघ, हंगाम सोडून दिलेले संघ तेव्हा फारसे नव्हते, आणि रसेलला विल्टसमोर एका हंगामात दहा-बारा वेळा उभं राहावं लागे. निर्णायक सातव्या सामन्यांत रसेल दहा वेळा उतरला आणि दहाही जिंकला. संघांची संख्या या आकड्याला धक्का लावू शकत नाही. शेवटची दोन विजेतेपदं, १९६८ आणि १९६९ ची, त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत मिळवली. १९६६ मध्ये तो एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला होता.

तेव्हा प्लंबर आणि अग्निशामक दलाचे जवान खेळायचे, हे खरं का?

अनेक खेळाडू हंगाम संपला की दुसरी नोकरी करत, हे खरं. पगारच तेवढा होता. निवृत्तिवेतनासाठी १९६४ मध्ये बोस्टनच्या ऑल-स्टार सामन्याआधी खेळाडूंना मैदानात न उतरण्याची धमकी द्यावी लागली, तेव्हा कुठे मागणी मान्य झाली. त्यावरून ते हौशी किंवा ढिसाळ होते असा अर्थ काढणं चूक आहे. रसेल आणि विल्ट दोघेही महाविद्यालयात असताना वरच्या दर्जाची उंच उडी मारत. सात फूट एक इंच उंचीचा, असा उडणारा माणूस आजही कोणत्याही संघाला हवाच असेल.

शिवाय त्यांचा रोजचा दिवस कसा होता ते पाहा. कॅनव्हासचे बूट, साधी प्रवासी विमानं, लागोपाठच्या रात्री वेगवेगळ्या शहरांत सामने, गुडघ्याची शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा कारकिर्दीचा शेवट. एनबीएत कृष्णवर्णीय खेळाडू आले १९५० मध्ये, आणि पुढेही अनेक वर्षं त्यांच्या जागांवर अलिखित मर्यादा होती. ऑक्टोबर १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला एका कॉफी शॉपने बोस्टनच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना वाढायला नकार दिला. रसेल आणि त्याचे सहकारी तो प्रदर्शनी सामना न खेळता परत गेले. याच वातावरणात तो जवळपास दर वर्षी विजेतेपद जिंकत होता. आजच्या खेळाडूला चार्टर विमान आहे, आहारतज्ज्ञ आहे. त्याबद्दल तक्रार नाही, पण तुलना करताना हे दुसऱ्या पारड्यात टाकायला विसरू नका.

करीच्या ४०२ थ्री-पॉइंटरसमोर लॅरी बर्डला नेमबाज म्हणायचं तरी कसं?

ठरावीक रेषेच्या बाहेरून टाकलेल्या, तीन गुणांच्या शॉटला थ्री-पॉइंटर किंवा थ्री म्हणतात. स्टेफन करीने २०१५-१६ मध्ये ४०२ थ्री टाकले. बर्डचा सर्वोत्तम हंगाम १९८७-८८ चा, ९८ चा. पूर्ण कारकीर्द ६४९. नुसते आकडे पाहिले तर विषय संपला.

पण थ्री-पॉइंट रेषा एनबीएत आली ती १९७९-८० मध्ये, बर्डच्या पदार्पणाच्याच हंगामात. प्रशिक्षकांना ती करमणुकीची क्लृप्ती वाटत होती. त्या वर्षी एकेक संघ सामन्याला तीनसुद्धा थ्री मारत नव्हता. आता ३५ च्या पुढे मारतो. बर्ड लहानपणापासून ज्या खेळात घडला त्यात लांबून टाकलेल्या चेंडूला दोनच गुण होते. करी रेषेसोबत वाढला. म्हणून थ्रीची नुसती बेरीज लावणं मला पटत नाही. बर्डने थ्री-पॉइंट स्पर्धा सुरू झाल्यावर पहिल्या तिन्ही सलग जिंकल्या, हे त्याच्या हाताबद्दल जास्त सांगतं.

रेषेचा परिणाम किती असतो ते जॉर्डनच्या उदाहरणात स्वच्छ दिसतं. १९९४ पासून तीन हंगाम लीगने रेषा जवळ आणली, सगळीकडून २२ फुटांवर. १९९५-९६ मध्ये जॉर्डनने ४२.७ टक्के थ्री टाकले. १९९७-९८ मध्ये रेषा पूर्वीच्या २३ फूट ९ इंचांवर गेली आणि जॉर्डनचं प्रमाण २३.८ टक्क्यांवर आलं. दोन वर्षांत तो नेम विसरला नव्हता.

तरीही करीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते: त्याने खेळाचा नकाशा बदलला. बचाव कुठून सुरू करायचा हे सगळ्या लीगला नव्याने शिकावं लागलं. असं फार थोड्यांच्या बाबतीत झालं आहे.

कुणाकुणासाठी नियम बदलावे लागले?

माझ्या दृष्टीने मोठेपणाची ही फार बोलकी खूण आहे. जॉर्ज मायकनला आवरण्यासाठी १९५१ मध्ये रिंगखालचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट केला गेला. विल्टच्या काळात, १९६४ मध्ये, तो सोळा झाला. करीम अब्दुल-जब्बार महाविद्यालयात असताना १९६७ मध्ये तिथे डंकवरच (उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबण्यावर) बंदी आली आणि ती १९७६ पर्यंत राहिली. करीमने त्या वर्षांत स्काय हुक, म्हणजे एका हाताने डोक्यावरून वळवून टाकायचा शॉट, घासून घासून असा केला की पुढे त्याला उत्तर सापडलं नाही. सहा एमव्हीपी, सहा विजेतेपदं, ३८,३८७ गुण, आणि त्यात थ्री फक्त एक. या चर्चांमध्ये करीमचं नाव चौथं-पाचवं येतं, हे मला कधीच समजलेलं नाही.

आज बचाव मऊ झाला आहे का? जॉर्डन आज खेळला असता तर ४५ ची सरासरी काढली असती म्हणतात.

अर्धं खरं. २००४-०५ पासून चेंडू नेणाऱ्याला हाताने रोखण्यावर कडक लगाम आला, त्यामुळे बाहेरच्या खेळाडूला मोकळीक मिळाली. १९८० च्या दशकाच्या शेवटी डेट्रॉइटने जॉर्डनला जसं आपटलं तसं आज केलं तर थेट हकालपट्टी होईल.

पण जॉर्डनच्या काळात झोन बचावाला (माणसाऐवजी मैदानाचा भाग राखण्याला) बंदी होती, ती २००१ मध्ये उठली. त्याच्यासमोर बहुतेक वेळा एकच माणूस असे आणि दुसरा धावून आला तर उघडपणे यावं लागे. आज बचावपटू आपल्या माणसापासून सुटून वाटेतच उभे राहतात, फक्त रिंगखाली तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही. जॉर्डन आजही लीगमधला अव्वल स्कोअरर असता, त्याबद्दल शंका नाही. ४५ हा आकडा मात्र हवेतला आहे.

अंतिम फेरीत जॉर्डन ६-०, लेब्रॉन ४-६. एवढ्यावर निकाल लागत नाही का?

लागत नाही. ६-० म्हणताना १९८५, १९८६ आणि १९८७ मध्ये जॉर्डनचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला होता हे कुणी मोजत नाही. अंतिम फेरीत हरणं हे पहिल्या फेरीत हरण्यापेक्षा वाईट कसं? २००७ मध्ये लेब्रॉनने क्लीव्हलँडचा सामान्य संघ तिथवर ओढत नेला. २०१६ मध्ये, हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटविरुद्ध १-३ मागे असताना त्याने मालिका फिरवली, आणि त्या मालिकेत दोन्ही संघांत मिळून गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक या पाचही बाबतींत तो पहिला होता. ती मालिका मला जॉर्डनच्या कोणत्याही मालिकेच्या तोडीची वाटते.

जॉर्डनच्या बाजूने मी दुसरंच सांगेन: दहा वेळा लीगचा सर्वाधिक सरासरीचा स्कोअरर, १९८८ चा सर्वोत्तम बचावपटू, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, ३३.४ ची सरासरी. सामने जसे अवघड होत गेले तसा तो वाढत गेला.

अंगठ्या, म्हणजे विजेतेपदं, मोजताना संघ बदलण्याच्या स्वातंत्र्याकडेही पाहा. ऑस्कर रॉबर्टसनच्या नावाने १९७० मध्ये दाखल झालेला दावा १९७६ मध्ये मिटला, तेव्हा खेळाडूंच्या मोकळिकीची वाट खुली झाली, आणि पूर्ण मोकळीक यायला १९८८ उजाडलं. लेब्रॉन २०१०, २०१४ आणि २०१८ मध्ये स्वतःच्या मर्जीने संघ बदलू शकला तो या लढ्यामुळे. स्वतः ऑस्करला ती सोय नव्हती.

परदेशी खेळाडू आल्याने आजची लीग जास्त कठीण झाली आहे का?

हो, माझ्या मते निःसंशय. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत एकही एमव्हीपी अमेरिकेत जन्मलेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाशी नातं असलेला एकच, २०२३ चा जोएल एम्बीड. तोही जन्माने कॅमेरूनचा, अमेरिकेकडून तो पुढे खेळला. ग्रीसचा यानिस आंतेतोकुंपो, सर्बियाचा निकोला योकिच, कॅनडाचा शाय गिल्जस-अलेक्झांडर. योकिचची निवड ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, ४१ व्या क्रमांकावर झाली होती. रसेलच्या काळात जगातला हा जवळपास सगळा भाग लीगच्या दाराबाहेर होता.

एबीएतले गुण धरायचे का?

धरावेत. एबीए ही एनबीएची तेव्हाची प्रतिस्पर्धी लीग. ज्युलियस अर्व्हिंगचे एनबीएतले १८,३६४ गुण दाखवून त्याला मोजणं अपुरं आहे. दोन्ही लीग मिळून ते ३०,०२६ होतात.

केटलिन क्लार्कने सगळे विक्रम मोडले. म्हणजे ती महाविद्यालयीन खेळातली सर्वश्रेष्ठ?

क्लार्कचे आयोवा विद्यापीठासाठी चार वर्षांत ३,९५१ गुण झाले. मार्च २०२४ मध्ये तिने पुरुषांच्या खेळातल्या पीट मॅराविचचा ३,६६७ चा विक्रम मागे टाकला. मॅराविच तीनच हंगाम आणि ८३ सामने खेळला, कारण तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात घेत नसत, आणि थ्री-पॉइंट रेषाही नव्हती.

पण माझ्या मनात जास्त येते लिनेट वुडर्ड. कॅन्सस विद्यापीठाकडून १९८१ पर्यंत तिने ३,६४९ गुण केले, तेही पुरुषांच्या मोठ्या चेंडूने आणि थ्री-पॉइंटशिवाय. तेव्हा महिलांचा खेळ एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेकडे नव्हता, म्हणून तिचा विक्रम दशकानुदशकं एनसीएएच्या यादीबाहेर राहिला. क्लार्क तिच्या जवळ पोहोचली तेव्हा कुठे तिचं नाव पुन्हा छापून येऊ लागलं. डब्ल्यूएनबीए ही महिलांची व्यावसायिक लीग १९९७ मध्ये सुरू झाली, तोवर वुडर्डचा बहर ओसरला होता. चेरिल मिलर तर तिथे खेळूच शकली नाही. या दोघींची आजच्या खेळाडूंशी कारकिर्दीच्या आकड्यांत तुलना करणं अन्यायाचं आहे. त्यांना तशी कारकीर्द करायला मैदानच मिळालं नाही.

हे सगळं वाचून ठरवण्यापेक्षा बघून ठरवायचं आहे. काय बघू?

उत्तम. आपल्याकडे थेट सामने पहाटे-सकाळी येतात, ते बघताच असाल. जुन्या सामन्यांसाठी एखादी सुट्टी राखून ठेवा. १९८० च्या अंतिम मालिकेचा सहावा सामना घ्या: करीम जखमी, आणि पहिल्याच हंगामातला मॅजिक जॉन्सन ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट करून जातो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तो सामना तेव्हा थेट दाखवलासुद्धा नव्हता. मग २० एप्रिल १९८६ चा, जॉर्डनच्या ६३ गुणांचा. बोस्टनविरुद्धचा तो सामना शिकागो हरलं होतं. त्यानंतर २०१६ च्या अंतिम मालिकेचा सातवा सामना.

रसेलचे पूर्ण सामने फार थोडे उपलब्ध आहेत. जे तुकडे मिळतील त्यात चेंडूकडे बघू नका. रसेल कुठे उभा आहे आणि त्याला पाहून समोरचा खेळाडू चेंडू कुठे वळवतो, तेवढंच बघा.